बाकेन प्रदेशातील शेल-तेल आणि नळमार्गांची मर्यादा

खनिज तेलाच्या अर्थकारणाचा विचार करताना भूगर्भातील साठा, वेधनाचे तंत्र आणि बाजारातील भाव या तीन घटकांकडे सामान्यतः लक्ष दिले जाते. विहिरीतून निघालेले तेल शुद्धीकरण कारखान्यापर्यंत नेण्याचे साधन हा चौथा घटक बहुधा गृहीतच धरला जातो. हे साधन पुरेसे असते तोपर्यंत त्याचे अस्तित्व जाणवत नाही. ते अपुरे पडू लागले म्हणजे मात्र उरलेल्या तिन्ही घटकांवर त्याची सत्ता चालू लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ डकोटा राज्याचा इ. स. २००६ नंतरचा इतिहास हा या विधानाचा उत्कृष्ट दाखला होय. वाहतुकीची क्षमता अपुरी पडल्यामुळे तेथील तेलाचा ओघ थांबला नाही. तो दुसऱ्या वाटांनी वाहिला, आणि त्या वाटांची किंमत बहुतांशी अशा लोकांना द्यावी लागली की ज्यांचा तेल काढण्याच्या निर्णयाशी काहीही संबंध नव्हता.

प्रदेश आणि खडक

नॉर्थ डकोटा व माँटाना ही दोन राज्ये आणि कॅनडाचे सस्कॅचवान व मॅनिटोबा हे प्रांत यांच्या भूमीखाली विलिस्टन नावाचे एक विस्तीर्ण द्रोणीप्रदेशाचे क्षेत्र पसरले आहे. त्यात सुमारे तीन किलोमीटर खोलीवर बाकेन या नावाने ओळखला जाणारा खडकसमूह आढळतो. त्याचे वय सुमारे ३६ कोटी वर्षे आहे. वर व खाली सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असे काळे शेल खडक आणि त्यांच्या मध्ये घट्ट, वालुकामय व डोलोमाइटयुक्त थर अशी त्याची रचना आहे. तेल शेलमध्ये निर्माण झाले व मधल्या थरात मुरले. परंतु या थराची पार्यता अत्यल्प असल्यामुळे नेहमीच्या उभ्या विहिरीत ते पुरेशा प्रमाणात झिरपत नाही.

नॉर्थ डकोटात टायोगा या गावानजीक १९५१ मध्ये प्रथम तेल सापडले. पुढील अर्धशतक हा प्रदेश तेलव्यवसायाच्या नकाशावर गौणच राहिला. थरामध्ये आडवी विहीर खणावयाची आणि तिच्यात वाळूमिश्रित पाणी प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडावयाच्या, या दोन तंत्रांच्या संयोगाने परिस्थिती पालटली. माँटानातील एल्म कूली क्षेत्रात २००० च्या सुमारास आणि नॉर्थ डकोटातील पार्शल क्षेत्रात २००६ मध्ये या पद्धतीचे यश सिद्ध झाले. २०१२ च्या मार्चमध्ये नॉर्थ डकोटाने तेलोत्पादनात अलास्कास मागे टाकले व टेक्सासच्या खालोखाल दुसरे स्थान मिळविले. २०१४ च्या एप्रिलमध्ये राज्याचे उत्पादन प्रतिदिनी दहा लक्ष पिंपांच्या वर गेले. (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.)

हे तेल निघत होते ते गव्हाच्या शेतांच्या व गवताळ माळांच्या प्रदेशात. मिसूरी नदीकाठी मँडन येथे १९५४ पासून एक शुद्धीकरण कारखाना होता. पण त्याची शक्ती प्रतिदिनी एक लक्ष पिंपांहूनही कमी होती. समुद्रकिनारा दोन्ही दिशांना दीड-दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. जुने नळमार्ग होते ते अल्प उत्पादनाच्या काळातील मोजमापाचे. अशा स्थितीत दहा लक्ष पिंपे रोज न्यावयाची कशी, हा प्रश्न उभा राहणे अटळ होते.

नळमार्गाची क्षमता म्हणजे काय

नळमार्ग लागतील तितके व लागतील तेव्हा का बांधता येत नाहीत, हे समजण्यासाठी त्यांचे दोन विशेष ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला विशेष भौतिक स्वरूपाचा आहे. नळाचा व्यास दुप्पट केला असता, दाबातील घट तेवढीच ठेवूनही, त्यातून वाहणारे द्रव दुपटीने नव्हे तर सुमारे साडेपाचपटीने वाढते. त्यामुळे एकच मोठा नळ हा अनेक लहान नळांपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतो. परंतु एकदा पुरलेल्या नळाचा व्यास वाढविता येत नाही. मार्गावरील पंप वाढवून किंवा तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळून प्रवाह काहीसा वाढविता येतो; मात्र वेगाच्या मानाने घर्षण फार झपाट्याने वाढत असल्यामुळे या उपायालाही मर्यादा पडते. सारांश, क्षमता मोठ्या पायऱ्यांनी वाढते, तर उत्पादन विहिरीमागून विहीर अशा लहान पावलांनी वाढत जाते.

दुसरा विशेष आर्थिक स्वरूपाचा आहे. नळमार्गाचा जवळजवळ सर्व खर्च प्रारंभीच करावा लागतो व तो भरून येण्यास दशके लागतात. म्हणून बांधणारी कंपनी आधी काही मुदत जाहीर करून तेलउत्पादकांकडून दीर्घकालीन करार मिळविते. या करारान्वये तेल पाठविले किंवा न पाठविले, तरी ठरलेले भाडे वर्षानुवर्षे द्यावे लागते. असे करार पुरेसे मिळाल्यावाचून भांडवल उभे राहत नाही. दुसऱ्या बाजूने, १९०६ च्या हेपबर्न कायद्याने आंतरराज्यीय तेलनळमार्गांना सार्वजनिक वाहकाचा दर्जा दिलेला आहे. करार नसलेल्या ग्राहकासाठीही काही जागा राखून ठेवणे त्यांना भाग असते, आणि मागणी क्षमतेहून अधिक झाली तर प्रत्येकाच्या वाट्यात प्रमाणशीर कपात करावी लागते.

शेल-तेलाची विहीर दोन-तीन आठवड्यांत खणून होते व पहिल्याच वर्षात तिचे उत्पादन निम्म्याहून बरेच खाली येते. नळमार्गाला मात्र करार, मोजणी, जमिनींचे हक्क, परवाने व बांधणी यांत अनेक वर्षे जातात, आणि पुढे तो दशकानुदशके भरलेला राहील अशी अपेक्षा असते. अल्पायुषी विहीर आणि दीर्घायुषी नळ यांची ही सांगड मुळातच विषम आहे. बाकेनमधील सर्व अडचणींचे मूळ या कालमानांच्या विसंगतीत आहे.

भावातील खड्डा आणि रेल्वेची वाट

क्षमता अपुरी पडल्याचे पहिले चिन्ह भावात उमटते. तेल साचून राहू लागले म्हणजे ते उचलणाऱ्याला भाव पाडून मागता येतो. ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग येथे अमेरिकन तेलाचा प्रमाणभाव ठरतो. २०११ मध्ये उत्तरेकडून येणाऱ्या तेलाने कुशिंग स्वतःच तुंबले आणि तेथील भाव समुद्रमार्गे व्यापार होणाऱ्या ब्रेंट तेलाच्या मानाने २५ डॉलरांहूनही खाली गेला. १९७५ च्या कायद्याने अमेरिकन तेलाच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातलेले होते व ते २०१५ च्या डिसेंबरापर्यंत टिकले. त्यामुळे तुंबलेल्या तेलाला परदेशाची वाटही मोकळी नव्हती. २०१२ च्या प्रारंभी बाकेनच्या तेलाला कुशिंगच्या भावापेक्षाही २० डॉलरांहून कमी असा दर काही काळ मिळाला. भावातील हा फरक हेच दुसऱ्या साधनाचे भांडवल ठरले.

ते साधन म्हणजे रेल्वे. २००९ च्या अखेरीस स्टॅन्ली या गावाहून केवळ तेलाचीच अशी पहिली संपूर्ण गाडी ओक्लाहोमाकडे निघाली. अशा गाडीस सुमारे शंभर टाकीडबे असतात व एकेका डब्यात सुमारे सातशे पिंपे तेल मावते. नळमार्गाच्या मानाने हे वाहन महाग होते. किनाऱ्यापर्यंत पिंपामागे १० ते १५ डॉलर खर्च येई. परंतु रूळ आधीच घातलेले होते, भरण्याची स्थानके वर्षभरात उभी राहत होती, आणि गाडी ज्या किनाऱ्यावर भाव अधिक तिकडे वळविता येत होती. २०१३ मध्ये राज्यातील सुमारे तीन-चतुर्थांश तेल रेल्वेने जाऊ लागले. प्रतिदिनी दहाच्या आसपास तेलगाड्या राज्याबाहेर पडत होत्या.

या व्यवस्थेची किंमत प्रथम शेतकऱ्यांना जाणवली. नॉर्थ डकोटाचा गहू, सोयाबीन व मका याच रुळांवरून बंदरांकडे जातो. २०१३-१४ च्या कडक हिवाळ्यात गाड्या खोळंबल्या आणि धान्याच्या कोठारांतून माल उचलला जाईना. कोठार रिकामे नसल्यामुळे शेतकऱ्यास नवे धान्य देता येईना, अथवा पडत्या भावाने द्यावे लागले. रेल्वेवाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या संघीय मंडळाला २०१४ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे व सप्टेंबरमध्ये फार्गो येथे सुनावणी घ्यावी लागली. तेलाच्या नळमार्गाची उणीव अशा रीतीने गव्हाच्या भावात प्रकट झाली.

याहूनही भयंकर किंमत कॅनडातील एका लहान गावाने दिली. २०१३ च्या ६ जुलै रोजी मध्यरात्रीनंतर, क्वेबेक प्रांतातील लाक-मेगाँतिक येथे, बाकेनचे तेल भरलेल्या बहात्तर डब्यांची चालकविरहित गाडी उतारावरून घसरत आली व गावाच्या मध्यभागी रुळांवरून उतरली. आगीत ४७ माणसे मृत्यू पावली. हे तेल न्यू ब्रन्स्विक प्रांतातील सेंट जॉन येथील कारखान्याकडे चालले होते. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी नॉर्थ डकोटातील कॅसलटनजवळ रुळांवरून उतरलेल्या धान्यगाडीवर तेलगाडी आदळून स्फोट झाले. त्यात जीवितहानी झाली नाही, परंतु गावकऱ्यांना घरे सोडावी लागली. बाकेनचे तेल हलके असून त्यात विरघळलेल्या ज्वालाग्राही वायूंचे प्रमाण अधिक असते. राज्याच्या औद्योगिक आयोगाने तेल भरण्यापूर्वी त्यातील वायू काढून बाष्पदाब ठरावीक मर्यादेत आणण्याची सक्ती १ एप्रिल २०१५ पासून केली, आणि संघीय शासनाने त्याच वर्षी अधिक मजबूत डब्यांचा नियम केला. हे उपाय योग्यच होते. पण ते अपघातांच्या मागून आले.

ज्योतीत जळणारा वायू

तेलाला रेल्वे तरी होती. वायूला ती वाटही नव्हती. बाकेनमध्ये तेलाबरोबरच नैसर्गिक वायू वर येतो. तो बाजारात पोहोचण्यासाठी तीन दुवे लागतात: प्रत्येक विहिरीपासून वायू गोळा करणारे लहान नळ, त्यातील प्रोपेन, ब्यूटेन यांसारखे घटक वेगळे करणारे कारखाने, आणि शेवटी दूरवर नेणारा मोठा नळमार्ग. यांपैकी कोणताही एक दुवा अपुरा असला, की उरलेल्या दोहोंचा उपयोग राहत नाही.

अशा वेळी विहीर बंद ठेवावी आणि वायूची सोय झाल्यावर उघडावी, असे कोणास वाटेल. उत्पादकाचा हिशेब वेगळा असतो. उष्णतेच्या मापाने सुमारे सहा हजार घनफूट वायू हा एक पिंप तेलाच्या तोडीचा होय. २०१२ मध्ये इतक्या वायूस बाजारात सुमारे १७ डॉलर मिळाले असते, तर एका पिंपाचा भाव ९० डॉलरांहून अधिक होता. शिवाय जमिनीखालील हक्काचा पट्टा टिकविण्यासाठी ठरावीक मुदतीत उत्पादन सुरू करणे आवश्यक असे. तेलासाठी वायू जाळणे हाच व्यवहार उत्पादकाच्या दृष्टीने फायद्याचा ठरला. २०१४ च्या प्रारंभी राज्यात निघणाऱ्या वायूपैकी एक-तृतीयांशाहून अधिक वायू विहिरीवरच पेटवून दिला जात होता. उपग्रहांनी घेतलेल्या रात्रीच्या छायाचित्रांत विरळ वस्तीचा हा माळ एखाद्या महानगरासारखा उजळलेला दिसे.

या ज्योतींतही कोणाचा तरी वाटा जळत होता. अमेरिकेत भूगर्भातील खनिजाची मालकी बहुधा खाजगी असते व मालकास उत्पन्नाचा भाग मिळतो. विहिरीच्या पहिल्या वर्षात जाळलेल्या वायूवर राज्याच्या कायद्यान्वये हा भाग किंवा कर द्यावा लागत नसे. या हानीविरुद्ध २०१३ मध्ये काही मालकांनी न्यायालयांत दावे लावले. औद्योगिक आयोगाने २०१४ च्या जुलैमध्ये वायू पकडण्याचे टप्पे ठरवून दिले: त्या वर्षीच्या ऑक्टोबरापर्यंत ७४ टक्के, व पुढे सुधारित वेळापत्रकानुसार २०२० च्या नोव्हेंबरापर्यंत ९१ टक्के. लक्ष्य न गाठणाऱ्याच्या तेलोत्पादनावर मर्यादा घालण्याचा अधिकारही आयोगाने स्वतःकडे ठेवला. नियंत्रणाचे तत्त्व येथे योग्य ठिकाणी लागू झाले, कारण तेलाचा ओघ रोखला जाण्याचे भय असल्यावाचून वायूच्या नळांत भांडवल गुंतविण्याची निकड उत्पादकास वाटली नसती.

डकोटा ॲक्सेस आणि स्टँडिंग रॉक

रेल्वेला पर्याय म्हणून २०१४ मध्ये डकोटा ॲक्सेस या नळमार्गाची योजना पुढे आली. तीस इंच व्यासाचा व १,१७२ मैल लांबीचा हा नळ नॉर्थ डकोटापासून इलिनॉय राज्यातील पटोकापर्यंत जाणार होता. मिसूरी नदी ओलांडण्यासाठी राजधानी बिस्मार्कच्या उत्तरेकडील एका मार्गाचा प्रथम विचार झाला होता. तो सोडून देण्यात आला. सोडण्याच्या कारणांत शहराचा पाणीपुरवठा ज्या विहिरींतून होतो त्यांचे सान्निध्य हेही एक होते. अखेर जो मार्ग निवडला तो स्टँडिंग रॉक येथील सू जमातीच्या राखीव प्रदेशाच्या सीमेपासून सुमारे अर्ध्या मैलावर, ओआही जलाशयाच्या तळाखालून जात होता.

त्या जमातीचा विरोध समजण्यासाठी जलाशयाचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. मिसूरीवरील ओआही धरण विसाव्या शतकाच्या मध्यास बांधले गेले, तेव्हा स्टँडिंग रॉकची सुमारे ५६,००० एकर जमीन पाण्याखाली गेली. तीत नदीकाठची सुपीक जमीन व वनेही होती. ज्या पाण्यासाठी जमीन गमावली, तेच पाणी आता पिण्यासाठी उरले होते. आणि त्याच्याच खालून तेल जाणार होते. २०१६ च्या एप्रिलपासून नदीकाठी निषेधाचे तळ पडले व हजारो लोक तेथे जमले. त्या वर्षीच्या ४ डिसेंबरास सैन्य खात्याने नदीखालील मार्गास अनुमती नाकारली. परंतु सत्तांतरानंतर २०१७ च्या फेब्रुवारीत ती देण्यात आली व १ जूनपासून नळमार्ग व्यापारी वापरात आला.

न्यायालयीन वाद येथे संपला नाही. अनुमती देण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणामांची पूर्ण तपासणी व्हावयास हवी होती, असा निर्णय संघीय न्यायालयाने २०२० च्या मार्चमध्ये दिला. जुलैमध्ये नळ रिकामा करण्याचा आदेशही झाला. वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश रोखला, मात्र तपासणीची आवश्यकता २०२१ च्या जानेवारीत कायम ठेवली. तपासणीचा मसुदा २०२३ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला, तोपर्यंत नळातून सहा वर्षे तेल वाहत होते. बांधून झालेल्या नळासंबंधी पुनर्विचार किती अवघड असतो, हे यावरून दिसून येते.

एक अडथळा गेला, दुसरा उघडा पडला

नळमार्ग सुरू होताच त्याचे आर्थिक परिणाम दिसले. रेल्वेचा वाटा झपाट्याने घटला आणि बाकेनच्या तेलास मिळणारा भाव सुधारला. तथापि, नळमार्ग योजिला तेव्हाची व पुरा झाला तेव्हाची परिस्थिती एकच नव्हती. २०१४ च्या मध्यास तेलाचा भाव पिंपास शंभर डॉलरांच्या वर होता. २०१६ च्या फेब्रुवारीत तो तीस डॉलरांच्याही खाली गेला. राज्याचे उत्पादन त्या वर्षाच्या अखेरीस दहा लक्ष पिंपांच्या आत आले होते. टंचाईच्या काळात आखलेले साधन मंदीच्या काळात हाती आले. विस्कॉन्सिनकडे नेण्याचा सँडपायपर हा दुसरा नळमार्ग २०१६ मध्ये सोडूनच देण्यात आला.

त्यानंतर उत्पादन पुन्हा चढले व २०१९ च्या नोव्हेंबरात प्रतिदिनी सुमारे १५ लक्ष पिंपांच्या उच्चांकास पोहोचले. आता तेलाची वाट बरीचशी मोकळी होती, पण वायूची नव्हती. विहिरी जुन्या होत जातात तसे तेलाच्या मानाने वायूचे प्रमाण वाढते. २०१९ मध्ये वायूचे उत्पादन प्रतिदिनी सुमारे तीन अब्ज घनफूट झाले व जाळल्या जाणाऱ्या वायूचे प्रमाण पुन्हा एक-पंचमांशाच्या आसपास गेले. मोठ्या वायुनळांपैकी नॉर्दर्न बॉर्डर हा कॅनडाचा वायू मध्यपश्चिमेकडे नेण्यासाठी १९८२ मध्ये बांधलेला. त्यात बाकेनच्या वायूला जागा मिळाली ती कॅनडाचा वायू मागे सारून. त्याशिवाय बाकेनच्या वायूत इथेनचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्याची उष्णताशक्ती नळमार्गास मान्य असलेल्या मर्यादेकडे झुकते. म्हणजे केवळ नळातील जागा नव्हे, वायूचे घटकही क्षमतेची मर्यादा ठरवितात. वायूपासून वेगळे केलेले द्रव घटक कॅन्ससकडे नेणारा एल्क क्रीक नळमार्ग २०१९ च्या डिसेंबरात, आणि उत्तरेकडील वायू नॉर्दर्न बॉर्डरपर्यंत पोहोचविणारा नवा नळ २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाल्यावर हा ताण हलका झाला. डकोटा ॲक्सेसची क्षमताही २०२१ मध्ये, मुख्यतः पंपशक्ती वाढवून, प्रतिदिनी साडेसात लक्ष पिंपांपर्यंत नेण्यात आली.

वायूच्या या कोंडीचे टोकाचे रूप बाकेनहून मोठ्या अशा पर्मियन क्षेत्रात आढळते. हे क्षेत्र पश्चिम टेक्सास व न्यू मेक्सिको यांत पसरले असून तेथेही वायू तेलाबरोबरच निघतो. तेथील वाहा या व्यापारकेंद्रात २०१९ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये अनेक दिवस वायूचा भाव शून्याखाली गेला. म्हणजे वायू घेऊन जाणाऱ्यालाच विकणाऱ्याने पैसे द्यावे अशी अवस्था झाली. तेलाच्या उत्पन्नातून हा तोटा भरून निघत असल्यामुळे विहिरी चालूच राहिल्या. भावाची यंत्रणा टंचाईची सूचना देते हे खरे; परंतु वायू हे ज्या व्यवसायाचे उपउत्पादन आहे, त्या व्यवसायाला ती सूचना ऐकणे भाग पडत नाही.

उपसंहार

बाकेनच्या अनुभवावरून दोन निष्कर्ष निघतात. नळमार्ग मुळीच न बांधणे हा निर्धोक पर्याय नव्हे. तेल रुळांवरून गेले तेव्हा लाक-मेगाँतिकने त्याची किंमत दिली, आणि वायूची वाट अडली तेव्हा तो आकाशात जळला. परंतु नळमार्ग बांधणे हाही केवळ अभियांत्रिकीचा किंवा भावातील फरकाचा प्रश्न नव्हे. तो कोणाच्या पाण्याखालून न्यावयाचा हे ठरविताना ज्यांचा आवाज क्षीण, त्यांच्याकडे मार्ग वळण्याची प्रवृत्ती असते.

वेधनाचा परवाना विहिरीपुरता, रेल्वेचा करार गाडीपुरता आणि नळमार्गाची अनुमती मार्गापुरती, अशी निर्णयांची विभागणी होती. त्यामुळे संपूर्ण व्यवहाराचा खर्च एकत्र मांडून पाहण्याची जबाबदारी कोणावरच पडली नाही. औद्योगिक आयोगाने वायूचे नियोजन आणि तेलोत्पादन यांची सांगड घातली, तेथे परिस्थिती काही अंशी सुधारली. विहीर खणण्यापूर्वीच तिचे तेल व वायू कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या दारावरून जाणार, याचे उत्तर मागणे हाच या अनुभवाचा व्यावहारिक बोध होय. हे उत्तर आधी मागितले नाही, तर ते पुढे शेतकऱ्याच्या कोठारात, रुळांकाठच्या गावात किंवा नदीकाठच्या वस्तीत मिळते. आणि तोपर्यंत नळ किंवा रूळ बदलण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.